अणुबॉम्बच्या खड्ड्यात पन्हं

जुमेरा लेक टॉवर्स, दुबई.
शनिवार, उन्हं उतरल्यावर.

तीर्थरूप सुमेधाताईस,

धाकट्या प्रमिलाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे माझे गुडघे आणि आईचे संस्कार यांच्यात जेवढ्यावर तडजोड झाली आहे तेवढं.) तू बरी असशीलच. म्हणजे नसलीस तरी फोनवर "बरी आहे" म्हणून ठेवून देतेस, त्यामुळे मला कळायला दुसरा मार्ग नाही. इथून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येत नाही, आणि ज्या अ‍ॅपवरून बोलता येतं त्यात मला तुझं नुसतं कपाळ दिसतं. कपाळाशी माणसाने किती वेळ बोलायचं? शेवटी म्हटलं, सरळ पत्र लिहावं. वेदांगच्या ऑफिसातला गुणवंत परवा नाशिकला सुट्टीवर चाललाय, त्याच्या बॅगेत खजुराच्या डब्याखाली हे पाकीट घातलंय. खजूर रोज दोनच खा. डबा शेजारणीला दाखवू नकोस, ती अर्धा नेईल.

आमचं इथे छान चाललंय. खरंच छान, तू समजतेस तसं "सुनेच्या राज्यात म्हातारी" असं काही नाही. तुझा भाचा वेदांग सकाळी लॅपटॉप घेऊन जातो आणि संध्याकाळी लॅपटॉप घेऊन येतो. तनया दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कारखान्यात माणसं भरती करते आणि घरी आल्यावर माझ्याशीही इंटरव्ह्यू घेतल्यासारखंच बोलते, पण मनाची सोन्यासारखी आहे. आणि आपली नात अस्मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघी आपापल्या जागी समाधानी असतो. आता जे सांगणार आहे ते सगळं या पोरीवरून झालं, तेव्हा चहा घेऊन बस.

अस्मीने कॉलेजात सिनेमाचा अभ्यास घेतलाय. वेदांगचं म्हणणं, सिनेमा बघायला लोक तिकीट काढतात, फी कोण भरतं? त्याला ती अकाउंटिंगला जायला हवी आहे, आणि इथे दुसऱ्या वर्षापर्यंत विषय बदलता येतो. घरात महिनाभर धुसफूस झाली. शेवटी त्याने जाहीर केलं की वर्षअखेरचं जे मोठं प्रोजेक्ट आहे त्यात तिला पहिली श्रेणी मिळाली तर सिनेमा, नाहीतर खलास, अकाउंटिंग. पोरगी त्या दिवशी जेवली नाही. ताई, मी तिला जन्मल्यापासून बघते आहे, तिने कधी एखादी गोष्ट एवढी मनापासून मागितलेली मला आठवत नाही. माझा जीव नुसता तुटत होता, आणि त्यात भर म्हणजे मला प्रोजेक्टचा विषयच कळेना. विषय होता, दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांच्या मनात जी धास्ती बसली तिच्यामुळे विज्ञानाच्या नावाखाली भुताखेतांचे सिनेमे कसे निघाले. मी म्हटलं, बाळे, यापेक्षा अकाउंटिंग काय वाईट?

पण मग रोज दुपारी जेवणं झाली की ती मला शेजारी बसवून ते जुने काळे-पांढरे सिनेमे दाखवायला लागली, आणि मी अशी काही रंगले म्हणतेस! आता मी तुला हा विषय समजावून सांगू शकते, ऐक. लढाई संपली. जिंकणारे जिंकले, हरणारे हरले, पण जपानवर ते दोन बॉम्ब पडले ते सगळ्या जगाने पाहिलेले. आता भीती तर प्रत्येकाच्या पोटात, पण बोलायची सोय नाही. जिंकलेल्याने कोणत्या तोंडाने म्हणायचं की मला माझ्याच बॉम्बची भीती वाटते? वरून सरकार सांगतंय की अणू म्हणजे प्रगती, आणि शाळेत मुलांना शिकवताहेत की बॉम्ब आला तर बाकाखाली शिरा. (बाकाखाली! तुझ्या वर्गातल्या मुली बाकाखाली शिरल्या असत्या तर तू आधी त्यांचे कान उपटले असतेस.) तर मग ती भीती गेली कुठे? थेटरात गेली. वाळवंटात बॉम्बची चाचणी होते आणि तिथून बसएवढी मुंगी निघते. समुद्रात चाचणी होते आणि तळाशी निवांत झोपलेलं जनावर उठून शहर तुडवत सुटतं. अमेरिकेतले लोक म्हणे हे बघून मक्याच्या लाह्या खात किंचाळायचे, पण जपानात असा सिनेमा लागला तेव्हा काही माणसं मुकाट रडत बसली होती, असं अस्मी सांगते. त्यांनी जळलेलं शहर खरोखरचं पाहिलेलं होतं ना.

त्या सिनेमांचा साचा ठरलेला आहे. एक म्हातारा शास्त्रज्ञ, त्याला एक लग्नाची मुलगी. मुलगीसुद्धा शास्त्रज्ञच, पण संकट दाराशी आलं की कॉफी करायला तीच उठते. एक लष्करातला साहेब, त्याला सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक. म्हातारा डोकं धरून म्हणतो, आपण हे काय करून बसलो! मग बॉम्बने मोठी झालेली मुंगी मारायला आणखी एक बॉम्ब टाकतात आणि मुलीचं लग्न ठरतं. मी अस्मीला म्हटलं, अगं पण त्या दुसऱ्या बॉम्बने झुरळं मोठी होतील त्याचं काय? तर तिने ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "आजी, दॅट्स अ‍ॅक्चुअली व्हेरी गुड." माझा तीन दिवस जमिनीवर पाय टेकत नव्हता.

आणखी एक प्रकार असतो, तो मला सगळ्यांत झोंबला. गावात परग्रहावरचे जीव येतात आणि एकेका माणसाच्या जागी हुबेहूब तसाच माणूस ठेवून देतात. चेहरा तोच, आवाज तोच, पण राग नाही, लोभ नाही, सगळ्याला "ठीक आहे, ठीक आहे". अस्मी म्हणते, ही कम्युनिस्टांची भीती. पुस्तकातले दुसरे पंडित म्हणतात, छे, कम्युनिस्ट शोधत घरोघर फिरणाऱ्यांची भीती. मला दोन्ही पटलं नाही, कारण मला त्या वेळी आपला वेदांगच दिसत होता. ताई, पोरगा दोन-तीन महिने तसाच झाला होता. काही विचारा, "ओके." काही सांगा, "बघू." लहानपणी कारल्याचं नाव काढलं तरी घर डोक्यावर घेणारा मुलगा हा! तेव्हा मी परीक्षा घ्यायची ठरवली. एका संध्याकाळी भरपूर कारली केली, गूळसुद्धा घातला नाही, आणि पानात वाढली. त्याने दोनदा घेऊन खाल्ली आणि म्हणाला, "छान." माझ्या हातातला डाव खाली पडला. मी तनयाला स्वयंपाकघरात ओढून नेऊन सांगितलं की हा आपला नाही, तर ती म्हणाली, आई, त्याच्या कानात ऑफिसची मीटिंग चालू आहे, त्याला आपण जेवतोय हेच माहीत नाही. हसलो खूप. पण खरं सांगू का, तो घरात आला तरी कुणी आल्यासारखं वाटत नव्हतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

आता मुख्य प्रकार सांगते. मी दरवर्षी चैत्रगौरीचं हळदीकुंकू करते हे तुला ठाऊक आहेच. टॉवरमधल्या आणि आसपासच्या मराठी बायका झाडून येतात. (कैरी इथे पंधरा दिरहम किलो, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या पुढे. हिशोब मोठ्याने केला की तनया मला दुकानातून बाहेर काढते.) यंदा शुक्रवार धरला. वाटली डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगड, सगळं माझ्याकडे. आरास तेवढी अस्मीने करावी असं मनात होतं, कारण तिचा हात चांगला आहे. आठवडाभर आधी मी तिला विचारलं की आरास तू करशील ना गं? ती जमिनीवर बसून थर्माकोल कापत होती, कानात ते बोळे. म्हणाली, "इन्शाल्ला, आजी." आता या गावात इन्शाल्ला म्हणजे "आत्ता करते"पासून "या जन्मी विसरा"पर्यंत काहीही असू शकतं, हे एवढी वर्षं इथे राहून मला कळायला हवं होतं. पण समोर थर्माकोल कापलेला दिसत होता. कुणालाही वाटलं असतं.

शुक्रवारी दुपारी अस्मी कॅमेऱ्याचं स्टँड आणायला बाहेर गेली आणि मी तिच्या खोलीत डोकावले, तर काय सांगू तुला! मोठ्या फळीवर अख्खं गाव उभं केलेलं. छोटी छोटी घरं, पेट्रोल पंप, चर्च, सगळीकडे खरी वाळू, इवलीइवली माणसं, आणि एका बाजूला काळा कुळकुळीत मुंगळा, मांजराएवढा. कपड्यांच्या हँगरच्या तारांचे पाय, डोळ्यांच्या जागी चहाच्या दोन गाळण्या. (माझ्या! मी आठ दिवस तनयावर संशय घेत होते.) मला भरून आलं. म्हटलं, पोरीने आजीचं ऐकलं. आपल्याकडे आरासीत शेत, विहीर, बैलगाडी मांडतात, ही बिचारी वाळवंटात वाढली, तिने वाळवंट मांडलं. मी आणि तनयाने ती फळी उचलून हॉलमध्ये आणली आणि मागे पाट रचून वर झोपाळ्यात गौर बसवली.

थोड्या सुधारणा करायला लागल्या. चर्चवर झेंडूचं तोरण लावून वर भगवा लावला. मुंगळा फार उघडा-बोडका दिसत होता, त्याच्या गळ्यात मोगऱ्याचा गजरा घातला आणि कपाळाला हळदकुंकू लावलं, कारण सणाच्या दिवशी जीवजंतूसुद्धा आपलेच. फळीच्या मधोमध गोल खड्डा होता, कडा जळक्या रंगाने रंगवलेल्या. मला वाटलं, काय हुशार आहे, पन्ह्याच्या पातेल्यासाठी जागा ठेवली! पातेलं असं चपखल बसलं म्हणतेस. आणि ती इवली माणसं सगळी गौरीकडे पाठ करून, हात वर करून पळत होती. देवीकडे पाठ? मी चष्मा लावून एकेक माणूस उपटला आणि तोंड फिरवून पुन्हा रोवला. मग सगळं गाव हात उंचावून गौरीच्या दर्शनाला निघाल्यासारखं दिसायला लागलं, आणि पुढारी मुंगळा. इतकी सुरेख आरास आपल्या आईनेसुद्धा कधी केली नसेल.

पाचच्या सुमाराला बायका आल्या आणि मुंगळ्याचं जे कौतुक झालं त्याला तोड नाही. एकीने तर त्याच्यापुढे हरभरे ठेवले. तेवढ्यात दार वाजलं. अस्मीने जाताना सांगितलं होतं की पाच वाजता कुणी येईल, बसवून घे. मी म्हटलं, आणखी एक सवाष्ण असेल. दारात पन्नाशीच्या एक हसऱ्या बाई, पांढरा सलवार-कमीज, खांद्याला मोठी पिशवी. नाव म्हणाल्या अलिशा. मी गुलाबपाणी शिंपडलं, हाताला अत्तर लावलं, आणि कुंकवाचा करंडा पुढे करताना विचारलं, लगाऊं क्या? त्या म्हणाल्या, अत्तर बस है, आंटी, मगर वो पीली वाली चीज जरूर दीजिए, खुशबू बाहर तक आ रही है. डाळ त्यांनी तीनदा घेतली. एवढ्या चवीने खाणारी बाई माझ्या मनात तिथेच भरली. मग त्या आरासीपुढे जाऊन उभ्या राहिल्या, खूप वेळ बघत राहिल्या, आणि एकदम पदराने, म्हणजे ओढणीने, तोंड दाबून हसायला लागल्या.

अशा वेळी अस्मी आली. स्टँड हातातून सुटलं. "आजी! दॅट्स द ब्लास्ट साइट!" मी म्हटलं, काय असेल ते असो, पन्हं सांडू नकोस. तर ती फळी म्हणजे तिच्या प्रोजेक्टातल्या सिनेमाचा देखावा, आणि तो खड्डा म्हणजे अणुबॉम्ब पडल्याची जागा. ती माणसं पळत होती ती मुंगळ्याला भिऊन. आणि अलिशाबाई म्हणजे तिच्या कॉलेजातल्या मॅडम, पलीकडच्या टॉवरमध्येच राहतात, फळी गाडीत मावत नाही म्हणून प्रोजेक्ट बघायला आणि मार्क द्यायला घरी आलेल्या. अकाउंटिंगची मोठमोठी पुस्तकं माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागली. पोरीचा वर्षाचा खेळ मी तोरण लावून मोडला होता. अस्मी रडली असती तर बरं झालं असतं, पण ती खाली वाकून पडलेलं स्टँड उचलायला लागली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

मॅडमनी मात्र खुर्ची ओढली आणि तिला सांगितलं, आहे तसंच समजावून सांग. अस्मी बोलली. इंग्रजीतच, पण काय बोलली! हातात द्रोण घेऊन बायका ऐकत होत्या आणि मी मधून मधून मराठी करून सांगत होते. तिने सांगितलं की राक्षस हा कधीच राक्षस नसतो, जे बोलता येत नाही त्याला पाय फुटतात आणि तो पडद्यावर चालायला लागतो. शेवटी मॅडम म्हणाल्या, ही भीती अमेरिकेतली झाली, जपानातली झाली, ती तू पुस्तकातून आणलीस. या घरातली कुठे आहे? इथे कुणी लढाईला भ्यालेलं आहे का? अस्मी वही चाळायला लागली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि ताई, मी कुणी न विचारता बोलायला लागले. माझा स्वभाव तुला माहीतच आहे.

मी एकाहत्तरचा डिसेंबर सांगितला. चेंबूरची आपली बिल्डिंग, आई खळ शिजवून खिडक्यांना काळा कागद चिकटवते आहे, बाबा ट्रॉम्बेच्या रिफायनरीत रात्रपाळीला, मी नऊ वर्षांची, तू चौदाची. भोंगा झाला की दिवे बंद आणि माझं रडणं सुरू. गच्चीवरून दिवसा अणुभट्टीचा तो पांढरा घुमट दिसायचा. तू मला सांगितलंस की ते अंडं आहे, लढाईच्या आवाजाने तडकतं, आणि त्यातून अंडोबा बाहेर येतो. अंडोबाला डोळे नाहीत, नुसती लांबच लांब जीभ. तो उजेड चाटून खातो. ज्या घराच्या फटीतून उजेड दिसेल तिथे जीभ आत घालतो, आणि मग त्या घरातल्या माणसांना एकमेकांचे चेहरे ओळखू येत नाहीत. पण तो रडण्याच्या आवाजाला येत नाही, उजेडालाच येतो, आणि आपल्या घरी कागद पक्का लावलेला आहे, असं तू म्हणायचीस. मी कागद चाचपून बघायची आणि गप्प व्हायची. निदान कागद तरी आपल्या हातात होता. (तीस वर्षं मुलींना गणित शिकवलेल्या सुमेधाबाईंनी हे रचलं असं सांगितलं तर नाशकात कुणाचा विश्वास बसणार नाही. माझाही बोलता बोलता बसत नव्हता.)

मॅडमनी द्रोण खाली ठेवला. म्हणाल्या, माझी अम्मी तेव्हा कराचीत होती, नवी नवरी. आमच्याकडेही काळे कागद होते. बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटल्या, कित्येक दिवस आभाळ दिवसाढवळ्या काळं होतं, आणि अम्मी अजून सांगते की दिवा लावायचा नाही आणि आग मात्र सगळ्यांना दिसते आहे. ताई, त्या बातमीला आपल्या बिल्डिंगीत पेढे वाटले होते, आठवतं? मी दोन खाल्ले होते. मी त्यांच्या द्रोणात आणखी डाळ वाढली, दुसरं काय करणार होते. त्यांनी माझा हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

आणि त्या वेळी मला कळलं गं. तेलाच्या टाक्या. बाबा रोज रात्री तसल्याच टाक्यांपाशी जात होते. मी अंडोबाला भीत होते, तू त्याला कधीच भीत नव्हतीस. तू चौदाची होतीस, तुला सगळं कळत होतं, आणि ते मला कळू नये म्हणून तू एवढं मोठं जनावर उभं केलंस. हे मी हॉलमध्ये मोठ्याने बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि हळदीकुंकवात रडायचं नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मग?" अगदी मराठीत. बघते तर अस्मी. जमिनीवर मांडी घालून बसलेली, वही उघडी. "मग पुढे काय झालं अंडोबाचं?" आणि दारात बूट हातात घेऊन वेदांग उभा, केव्हा आला कुणाला कळलं नव्हतं. कानातले बोळे काढलेले. म्हणाला, आजोबा रात्रपाळीला तिथे होते, हे मला कधी कुणी सांगितलंच नाही.

मॅडमनी मार्क दिले नाहीत. कागदावर "अपूर्ण" असं लिहिलं आणि अस्मीला सांगितलं की मुंगळा सुंदर आहे पण तो दुसऱ्यांचा आहे. अंडोबा तुझा आहे. तो कर, गोष्ट शेवटापर्यंत घेऊन ये, पुढच्या महिन्यात बघते. फक्त फिरवलेली माणसं फिरवलेलीच ठेव, असंही म्हणाल्या. भीतीकडे पाठ करून पळणारे सगळ्यांनी पाहिलेत म्हणे, तोंड करून चालणारे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. (म्हणजे माझी सुधारणा पास झाली. तनयाला मी हे चारदा सांगितलं.) वेदांग काय म्हणतोय म्हणून मी कान टवकारून होते, कारण "अपूर्ण" म्हणजे पहिली श्रेणीही नाही आणि नापासही नाही. तो म्हणाला, पूर्ण कर, मग बोलू, पण अर्धवट सोडलंस तर मात्र अकाउंटिंग. आज सकाळी चहा घेताना त्याने आपणहून विचारलं की आई, अंडोबाला शेपूट होतं का? आणि फ्रीजमध्ये कारली बघून घर डोक्यावर घेतलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तर असं सगळं आहे. आम्ही सुखात आहोत, तू काळजी करू नकोस. पाय दुखत असतील तर तेल लावत जा, आळस नको. गौरीचे हरभरे पुडीत घातलेत, ते प्रसाद म्हणून खा.

तुझी,
प्रमिला

ता. क. गुणवंत आठ दिवसांनी परत निघेल. त्याच्याबरोबर गोडा मसाला, मेतकूट वगैरे काही पाठवू नकोस, इथे देराच्या बाजारात सगळं मिळतं. फक्त तुझं पत्र पाठव. तेवढ्यासाठीच मी हे सगळं लिहिलंय.

आणखी एक ता. क. मॅडमनी जाताना विचारलं, फिर अंडोबा का क्या हुआ, आंटी? मी ऐटीत सांगितलं की शेवट फार छान आहे, लवकरच सांगते. ताई, मला शेवट माहीत नाही. अंडोबा घाटला गावाकडून निघून आपल्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसायचा, एवढ्यावर मला रोज झोप लागायची. पोरीचा सगळा सिनेमा आता तुझ्या हातात आहे, तेव्हा "मी असलं काही सांगितलंच नव्हतं" हे चालणार नाही. मॅडमनी तर त्यांच्या आईला कराचीला फोन करून अर्धी गोष्ट सांगूनही टाकली. त्या अम्मींनी विचारलंय की तो समुद्र ओलांडून आमच्याकडेही आला होता का, कारण आमचाही उजेड कुणीतरी नेला होता. त्यांना काय सांगू ते लिही.

शेवटचं. अंडोबा टाकीवर आला की मी झोपायची, आणि बाबा पहाटे यायचे. सकाळी उठल्यावर मोरीपाशी त्यांचा डबा दिसला की मला सगळं ठीक वाटायचं. मधल्या त्या वेळात तू जागी असायचीस, हे मला एवढ्या वर्षांत कधी सुचलंच नाही. मी झोपल्यावर पुढची गोष्ट तू कुणाला सांगत होतीस गं? शेवट आठवत नसेल तर इथे येऊन नवा रच. या वेळी मी जागी राहीन.